उत्तरेच्या खोऱ्याचा रकाना

५ मार्च

खडू,

नमस्कार-चमत्कार वहिनीला पोचव. तुझ्याशी थेट कामाचे बोलते, कारण आज गुरुवार आहे. आमचा प्रतिनिधी अर्ध्या तासात आठवड्याच्या टपालाची थैली घेऊन सीमाचौकीकडे निघेल, आणि कोऱ्या तक्त्यांच्या गठ्ठ्यात हे पाकीट सारण्यापुरताच वेळ माझ्याकडे आहे. पाकीट वाटेत उघडले जाते हे मला ठाऊक आहे. तुझ्या मागच्या पत्रावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, आणि तू चहा पीत नाहीस.

मावशी लग्न होऊन सीमेपलीकडे गेली तेव्हा कोणाला वाटले होते, की तिचा मुलगा आणि तिची भाची एकाच किड्याच्या मागे लागतील, तू उन्हात आणि मी पंख्याखाली. अकरा वर्षांत आपली भेट नाही, पण दर पंधरवड्याला तुझा तक्ता येतो. चार देशांतले तुझ्यासारखे अधिकारी रानोमाळ फिरून टोळ मोजतात, ते आकडे आमच्या केंद्रात एकत्र होतात, आणि त्यावरून मी पत्रक काढते: टोळ कुठे दिसले, अंडी कुठे घालतील, कोणी फवारणीच्या तयारीत राहावे. हे सारे तुला पाठ आहे. मी ते स्वतःलाच बजावते आहे, कारण पुढचे लिहायला जड जाते आहे.

तुझ्या हद्दीतल्या उत्तरेच्या खोऱ्याच्या रकान्यात डिसेंबरच्या मध्यापासून शून्य आहे. सहा पंधरवडे, सहा शून्ये. जानेवारीत तिथे पाऊस झाला. उपग्रहाच्या चित्रात खोरे हिरवेगार दिसते. खाली ओलसर वाळू आणि वर कोवळा पाला म्हणजे टोळांना पाळणाच बांधून दिल्यासारखे. शेजारच्या दोन्ही खोऱ्यांत तूच तुरळक टोळ नोंदवले आहेस. मग मधल्यात एकही कसा नाही?

विचारते म्हणून रागावू नकोस. तिकडे तू स्वतः गेला होतास का? वहिनीचे गुडघे, मुलीची परीक्षा, गाडीचे टायर, माणसाला शंभर कारणे असतात. पण तपासले आणि दिसले नाही हे वेगळे, आणि तपासलेच नाही हे वेगळे. खालच्या मैदानातला गहू कापणीला यायला अजून सात आठवडे आहेत. पंख फुटलेल्या थव्याला त्याचा फडशा पाडायला एक दिवस पुरतो.

तुझी,
ताई


१२ मार्च

चाळणीताई,

तुझं छापील मराठी वाचून मी दोन मिनिटं खुर्चीत ताठ बसलो. मग आठवलं, ही तीच, जिने मला गच्चीवरच्या टाकीत ढकललं आणि खाली जाऊन ‘त्याचा पाय घसरला’ म्हणून सांगितलं.

वहिनीचे गुडघे बरे आहेत. मुलगी पास होईल असं तिचं मत आहे, शिक्षकांचं अजून कळलेलं नाही. गाडीचं म्हणशील तर ती ठणठणीत आहे. फक्त डिसेंबरपासून तिला दक्षिणेची हवा मानवते, उत्तरेची मानवत नाही. वरच्या डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलंय. आमचा ड्रायव्हर तिला रोज धुतो. परवा म्हणाला, ‘साहेब, मला गाडी चालवायला ठेवलंय का आंघोळ घालायला?’ मी म्हटलं, तुझं निदान काम तरी दिसतं.

उत्तरेच्या खोऱ्यातलं शून्य मीही वाचलं. तुमच्या पत्रकात वाचलं. आमच्या वरिष्ठांनीही वाचलं आणि त्यांना बरं वाटलं. एवढ्या मोठ्या केंद्रानं एवढ्या काळजीनं छापलेला आकडा, त्यावर मी काय बोलणार? गेला होतास का म्हणून मला विचारतेस. ते शून्य कुठून आलं हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं. तुझ्यावर वरून काही दडपण असेल तर इथे लिहू नकोस, चहा पिणारे वाचतात. पण मग मास्तरणीसारखी माझी उलटतपासणीही घेऊ नकोस.

बाकी क्षेम. मावशीला म्हणावं, तिचा भाचा वाळून खरोखरच खडूसारखा झालाय.

खडू


१९ मार्च

खडू,

तुझे पत्र तीन वेळा वाचले. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा वाचले ते हसण्याची लाज वाटून.

तुझ्या विनोदांतून मला इतकेच कळले, की गाडी धडधाकट आहे आणि तू तिकडे गेलेला नाहीस. आणि हे सांगायच्या ऐवजी तू माझ्यावरच दडपणाचा शिक्का मारून मोकळा झालास. सतरा वर्षे मी या टेबलावर आहे. एकही आकडा मी कोणाच्या सांगण्यावरून बदललेला नाही. असे म्हणताना आवाज चढतो आहे हे मला दिसते आहे, पण ते खरे आहे.

तुझ्या तक्त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत आले, आणि तू माझा भाऊ आहेस म्हणून अंमळ जास्तच ठेवला असेल. तो आता ठेवता येत नाही. पुढच्या पत्रकात तुझ्या हद्दीच्या आकड्यांवर ‘भरवशाचे नाहीत’ अशी खूण करावी लागेल. ती वेळ आणू नकोस. दोन दिवसांचे काम आहे. एकदा जाऊन ये, काय दिसते ते बघ आणि खरे लिही.

हे पाकीट टाकावे की नाही हे अजून ठरत नव्हते. प्रतिनिधी दारात येऊन उभा राहिला, म्हणून टाकले.

ताई


२६ मार्च

खडू,

आज थैलीत तुझे पाकीट नाही. तक्ताही नाही. प्रतिनिधी म्हणाला, ‘बाई, त्यांच्याकडून नेहमीचा माणूस आला नव्हता. दुसराच कोणी होता. तुमच्या भावाची चौकशी केली तर म्हणाला, तुम्हाला कशाला हवंय?’

रागावला असशील तर रागाच्या दोन ओळी लिही. मी थैली उघडल्यापासून उगाच खिडकीपाशी जाऊन परत येते आहे. त्या खिडकीतून मोटारींच्या तळाखेरीज काही दिसत नाही.

ताई


२ एप्रिल

वन्सं,

मी कधी पत्र लिहीत नाही, आमच्या घरात ते खातं ह्यांच्याकडे. शुद्धलेखन बघू नका.

ते घरी नाहीत. एकवीस तारखेपासून त्यांना उत्तरेच्या चौकीवर बसवून ठेवलंय. तुमचं एकोणीसचं पत्र मिळालं त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, ‘ताईला मी खोटारडा वाटतो.’ मी म्हटलं, वाटू दे, तिला तिथे बसून काय जातंय? राग मानू नका, मी असंच म्हटलं. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्वतःची मोटारसायकल काढली आणि परवान्याशिवाय त्या खोऱ्यात गेले.

हो, परवाना लागतो. डिसेंबरात सीमेवर काहीतरी बिनसलं, तेव्हापासून. हे ह्यांनी तुम्हाला लिहिलं नाही, कारण पत्रं वाचली जातात. मी लिहिते, कारण वाचणाऱ्यांना ते माहीतच आहे. ह्यांनी परवान्यासाठी चार अर्ज केले. चारही परत आले, आणि चारहींवर एकच शेरा: केंद्राच्या पत्रकात तिथे शून्य आहे, तपासणीची गरज दिसत नाही.

वन्सं, ह्यांनी शून्य कधीच लिहिलं नाही. आडवी रेघ मारायचे, म्हणजे गेलो नाही. तक्ता जेवणाच्या टेबलावर भरतात, मी समोर बसून भाजी निवडत असते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रेघेचं शून्य तुम्ही केलंत, कुणीतरी करायला लावलं, असं ते चार महिने धरून चाललेत. आणि तरी तुम्हाला अडचण नको म्हणून गप्प होते.

आता चौकीवाले म्हणतात, जिथे काहीच नाही असं छापलंय तिथे हा माणूस काय बघायला गेला? पिशवीत वही, वहीत आकडे आणि नकाशाची टाचणं, बाटलीत पिल्लं. मी म्हटलं, बाटलीतली पिल्लं दिसतात ना तुम्हाला? तर म्हणे, बाई, टोळ कुठूनही भरून आणता येतात.

मला दहा मिनिटं भेटू दिलं. मला वाटलं, घरचं काही बोलतील. म्हणाले, ‘मुलीला सांग कामावर आहे. आणि ताईला कळव, पिल्लं तिसऱ्या कातीत आहेत, ओढ्याच्या दोन्ही काठांना, मोजता आली नाहीत इतकी.’ मला कात-बीत कळत नाही. तुमच्या एका पत्रानं ते गेले. आता तुम्ही काय ते करा.

तुमची,
वहिनी


९ एप्रिल

खडू,

हे पत्र वहिनीच्या नावे पाठवते आहे. तिने ते चौकीवर न्यावे, आणि तिथल्या लोकांनीही सावकाश वाचावे. यात लपवण्यासारखे काही नाही, असले तर माझेच आहे.

वहिनीचे पत्र मिळाले त्याच दुपारी मी कपाट उघडले. तुझे मूळ तक्ते मी कधी पाहत नाही. माझ्यासमोर येतो तो संगणकातून निघालेला एकत्रित कागद. सहाही तक्ते काढले. सहाही ठिकाणी रेघ. शेवटच्या दोन तर इतक्या दाबून मारल्या आहेस, की कागद फाटायला आला आहे.

आकडे भरणाऱ्या कारकुनाला बोलावले. म्हटले, ‘इथे रेघ आहे. तुम्ही शून्य का भरलेत?’

तो म्हणाला, ‘बाई, तसाच आदेश आहे.’

‘कोणाचा?’

त्याने कपाटाच्या दाराची आतली बाजू दाखवली. तिथे पिवळा पडलेला एक कागद चिकटवलेला आहे. ‘रकाना रिकामा ठेवू नये. रेघ किंवा कोरी जागा असल्यास शून्य भरावे.’ खाली सात वर्षांपूर्वीची तारीख आणि माझी सही.

मला तो आदेश आठवला, आणि तो काढताना आपण किती हुशारी केली असे वाटले होते तेही आठवले. त्या वर्षी टोळच नव्हते. सगळे अधिकारी सगळीकडे जात होते आणि काही न दिसल्यास आळसाने रेघ ओढत होते. तेव्हा रेघ म्हणजे शून्यच होते. पुढे रस्ते बंद होऊ लागले, रेघेचा अर्थ बदलला, आणि कपाटाच्या दारावरचा कागद तसाच राहिला. कोणीही मला आकडा बदलायला सांगितले नाही, खडू. मी ते कोणी न सांगताच केले. मग त्याच शून्याकडे बोट दाखवून तुझे परवाने अडवले गेले, आणि मी तुला विचारले, तू का गेला नाहीस.

दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकले, ते नेहमीच ऐकतात. म्हणाले, ‘बाई, वीस तारखेपासून तीन दिवस चार देशांचे सचिव इथे बसणार आहेत. मोठ्या मिनतवारीनं एका टेबलाशी येताहेत. त्याच्या आधी आपणच सांगायचं, आमची सहा पत्रकं चुकली? चूक कबूल करायलाही एक वेळ असते.’

मी म्हटले, ‘ती वेळ टोळांना कोण कळवणार?’

‘तुमचा भाऊ अडकलाय म्हणून तुम्हाला घाई आहे,’ ते म्हणाले.

याचे उत्तर दोन दिवस मी शोधत होते. तू चौकीवर बसलेला नसतास, तर मी त्यांचे ऐकून वीस तारखेपर्यंत थांबले असते का? मला वाटते, थांबले असते. स्वतःला काही चांगले कारण देऊन थांबले असते. हे लिहून ठेवते, कारण मी केले ते निर्मळ मनाने केले असे तुला वाटू नये.

पत्रकावर आणि फवारणीच्या आदेशावर शेवटची सही माझी असते, संचालकांची फक्त पाहिल्याची खूण. सोमवारी, सहा तारखेला, त्या खुणेशिवाय मी खास अंक चारही देशांना पाठवला. त्यात एवढेच आहे: ‘उत्तरेच्या खोऱ्यात डिसेंबरच्या मध्यापासून तपासणी झालेली नाही. तेथे छापलेली सहा शून्ये ही केंद्राची चूक आहे. तिची जबाबदारी खाली सही करणारीची. क्षेत्र अधिकाऱ्याने दर वेळी तपासणी न झाल्याचेच कळवले होते. एकवीस मार्चला त्याने तेथे तिसऱ्या कातीतली दाट पिल्ले पाहिली आहेत. ताबडतोब तपासणी व फवारणी आवश्यक.’

माझ्याकडून खुलासा मागितला आहे. तो लिहायचा राहिला आहे. आधी बोटांवर दिवस मोजते आहे. तू पिल्ले पाहिल्याला आज एकोणीस दिवस झाले. चौकीवरच्यांसाठी सांगते, पिल्ले पाचदा कात टाकतात, मग त्यांना पंख फुटतात. तिसऱ्या कातीपासून पंख फुटेपर्यंत थंडी रेंगाळली तर चार आठवडे, नाही तर तीन.

ताई


१६ एप्रिल

ताई,

शनिवारी सोडलं. चौकीच्या प्रमुखानं तुझा खास अंक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘ही खाली सही करणारी कोण?’ म्हटलं, मावसबहीण. तो म्हणाला, ‘सख्खी असती तर काय केलं असतं?’ मग वही परत दिली. बाटली नाही दिली. पिल्लं मेली होती, आणि बाटली त्यांना चहाच्या साखरेसाठी बरी वाटली.

एकवीस दिवस मी एका बाकावर बसून होतो. मारलं-बिरलं नाही. फक्त रोज सकाळी तोच प्रश्न, तिथे काही नाही तर गेलास कशाला. तुला सांगू, पंधराव्या दिवशी मलाच वाटायला लागलं, की खरंच नसतील, मलाच दिसली असतील.

तू तुझं सगळं चाळून लिहिलंस, आता माझं ऐक. मला राग आहे. शून्याचा नाही, तो कागद माझ्याकडूनही चिकटवला गेला असता. तू ‘गेला होतास का’ असं विचारलंस. ‘जाता येतं का’ असं विचारायला हवं होतंस. मला आयुष्यभर ओळखतेस, तरी तुला आधी आळस सुचला, अडचण सुचली नाही. पण मीही धुतल्या तांदळाचा नाही. तू कुणाच्या तरी दबावाखाली आलीस असं मी चार महिने मनात घेऊन हिंडलो आणि एकदाही सरळ विचारलं नाही. विनोद करत बसलो. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही दोघं टोळांना बोलायला शिकवाल, पण एकमेकांशी बोलणार नाही.

उद्या निघतोय. वरिष्ठांनी आधी खरडपट्टी काढली आणि मग वाटाड्या म्हणून माझंच नाव दिलं, कारण खोरं पाहिलेला दुसरा कुणी नाही. आमच्या तीन गाड्या, तुमच्या दोन, आणि तुमचं फवारणीचं विमान. सीमेपलीकडचं विमान आमच्या हद्दीत उतरायला परवानगी मिळाली, तीही पाच दिवसांची. आमचा ड्रायव्हर गाडीला अखेरची आंघोळ घालतोय. म्हणतो, ‘लग्नाला निघाल्यासारखी दिसायला हवी.’

तुझ्या खुलाशाचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. म्हणजे बरं झालेलं नसणार.

खडू


२१ एप्रिल, खोऱ्यातून, सकाळचे साडेसात

ताई,

आज मंगळवार, गुरुवारची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमच्या गाडीचा वायरलेस या डोंगरांच्या आड कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून तुमचा ड्रायव्हर हे घेऊन सुटतोय. दुपारी दोनपर्यंत तुझ्या टेबलाशी पोचेल. त्याला आधी पाणी दे, रात्रभर झोपलेला नाही.

ओढ्याचा खालचा आणि मधला भाग चार दिवसांत फवारून झाला. तिथे पिल्लं पायाखाली वाळलेल्या पाल्यासारखी वाजतात. वरच्या भागाला आम्हाला उशीर झाला. तिथे पंख फुटून आठवडा झाला असावा. काल संध्याकाळी झुडपांवर बसलेले मोजले, तीन किलोमीटर लांब आणि जवळपास एक रुंद. फांद्या ओझ्यानं जमिनीला टेकल्यात. इथले कडे इतके उंच, की विमानाला खाली येऊन फवारता येत नाही. ऊन तापलं की उठतील, अजून दोन तास. वारा कालपासून तुमच्याकडे वाहतोय आणि बदलायची लक्षणं नाहीत. आज रात्री सीमेवरच्या टेकड्यांत उतरतील, उद्या दुपारी तुमच्या मैदानातल्या गव्हावर. तुमच्याकडच्या लोकांना सांग, टेकड्यांत रात्री थंडीनं ते हलत नाहीत. उद्या पहाटे, ऊन यायच्या आत, तिथेच गाठायला हवेत. नंतर नाही.

विमान इथेच आहे, औषध भरून. वैमानिक तयार आहे, पण तुमच्या केंद्राचा लेखी आदेश असल्याशिवाय त्याला परत तुमच्या हद्दीत फवारता येत नाही. आदेश सीमाचौकीवर धाड, विमान संध्याकाळी तिथे तुमच्या बाजूला उतरेल. संचालक सचिवांबरोबर बैठकीत असतील. त्यांच्याकडून खुलाशासाठी तुला काय काय ऐकून घ्यावं लागलंय, ते मला तुमच्या ड्रायव्हरनं सांगितलं. पत्रकाचं टेबल पहिल्या तारखेपासून दुसऱ्याकडे जाणार, हेही सांगितलं. तू लिहिलं नव्हतंस.

म्हणजे या महिनाअखेरपर्यंत सही तुझीच चालते.

आकडे मागच्या पानावर आहेत, मी आणि तुमच्या माणसानं वेगवेगळे मोजून, दोघांनी सह्या करून. आदेशावर सही कर, मग हे आकडे सचिवांपुढे ठेव. बैठकीच्या खोलीचं दार बंद असेल. ठोठावू नकोस, उघड आणि आत जा. मला उत्तर नंतर लिही. ऊठ आता.

खडू